नोंदणी यशस्वी, तरी नोंदणी नाही

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या डीटीपीच्या दुकानातील मुख्य संगणकाची हार्ड डिस्क खरखर करू लागली आणि साधी फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागू लागले, तेव्हा ती पूर्ण बंद पडण्याची वाट न पाहता बदलून घ्यायची असे मी ठरवले. हा संगणक २०१३ साली घेतलेला आहे. तेव्हा त्यावर विंडोज ७ होती आणि २०१६ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या मोफत अपग्रेडची मुदत संपण्यापूर्वी, मी त्याच्यावरच विंडोज १० चढवून घेतली होती. म्हणजे मधल्या ११ वर्षांत ही डिस्क एकदाही फॉरमॅट झाली नव्हती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती, पण त्या दिवशी ती माझ्या ध्यानात आली नाही. २८ ऑगस्टला दुरुस्तीवाल्याने जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे क्लोन, नव्या एसएसडीवर करून दिली. संगणक झटक्यात सुरू झाला, डेस्कटॉपवरचे आयकॉनसुद्धा आपापल्या जागी होते आणि एक सोडून सगळे प्रोग्राम नीट चालू लागले. जो चालला नाही, त्याच्यावाचून मात्र आमचे पान हलत नाही: मराठी टंकलेखनाचे आमचे जुने सॉफ्टवेअर. ते उघडताच ‘मशीन आयडी जुळत नाही, कृपया नोंदणी करा’ अशी चौकट आली आणि ती बंद केल्यावर प्रोग्रामही बंद झाला.

युनिकोड हाताशी असताना या जुन्या सॉफ्टवेअरसाठी एवढा जीव का टाकायचा, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडू शकतो, म्हणून ते सांगते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्याआधीच्या फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. कुठे काना, कुठे अर्धा ‘क’, कुठे रफार. हे तुकडे योग्य क्रमाने जुळवण्याचे काम टंकलेखनाचे सॉफ्टवेअर करते. आमच्याकडील बहुतेक जुनी पाने पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये लावलेली आहेत आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे त्या पानांत एक काना जरी बदलायचा झाला तरी हेच सॉफ्टवेअर लागते. लग्नपत्रिका नव्याने करता येते, पण ज्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मी २००६ पासून लावते आहे, त्याची ६४ पाने दरवर्षी मागच्या वर्षीच्या फाइलवरूनच तयार होतात. तक्ते तेच, शीर्षके तीच, ‘अहवाल सालात’ने सुरू होणारे परिच्छेद तेच, बदलतात ते आकडे, संचालकांची नावे आणि श्रद्धांजलीचे पान.

सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. या संस्थेची सभा २२ सप्टेंबरच्या रविवारी ठरली होती आणि सभेची सूचना १४ दिवस आधी सभासदांच्या हाती पडायची, तर ७ तारखेच्या गणेश चतुर्थीपूर्वीच छापील अहवाल तयार हवा होता. छापखान्याने ४ सप्टेंबर ही शेवटची तारीख दिली होती. थोडक्यात, माझ्याकडे एक आठवडा होता.

नोंदणीचे हे प्रकार कसे चालतात, याची ढोबळ कल्पना मला होती. असे सॉफ्टवेअर संगणकातील एखाद्या ठरावीक भागाचा क्रमांक वाचते, त्यावरून मशीन आयडी तयार करते, तो आपण कंपनीला कळवायचा आणि कंपनी त्याच्याशी जुळणारी ‘की’, म्हणजे नोंदणीचा सांकेतिक क्रमांक, पाठवते. हा क्रमांक कधी नेटवर्क कार्डाचा असतो, कधी डिस्कच्या विभागाचा, तर कधी खुद्द डिस्कवर कारखान्यात घातलेला. यांपैकी कोणता वाचला जातो हे पाहावे म्हणून मी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हॉल सी:’ ही आज्ञा देऊन सी ड्राइव्हचा अनुक्रमांक लिहून घेतला, मग जुनी डिस्क दुकानातील दुसऱ्या संगणकाला जोडून तिथे तीच आज्ञा दिली. दोन्ही अनुक्रमांक अक्षरन् अक्षर सारखे होते. हा अनुक्रमांक फॉरमॅट करताना पडतो आणि क्लोन करताना मजकुराबरोबर नव्या डिस्कवर जातो. कारखान्याचा क्रमांक मात्र जात नाही. नेटवर्क कार्ड तर बदललेच नव्हते. म्हणजे आमचे सॉफ्टवेअर कारखान्याचाच क्रमांक वाचत असणार आणि तो बदलल्यामुळे नवी की घेण्याला पर्याय नाही, एवढे निश्चित झाले.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. फोनवरच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि २०१३ चे बिल मागितले. ते मी फाइलला लावून ठेवले होते, त्याचा फोटो पाठवला. ३० तारखेला दुपारी नवी की आली आणि तिच्याबरोबर त्याच आवृत्तीचा सुधारित सेटअपही आला. पूर्वी नोंदणीची चौकट मुख्य प्रोग्राममध्येच असे. या सेटअपमध्ये नोंदणीसाठी एक वेगळा छोटा प्रोग्राम दिला होता आणि तो सुरू करताना ‘या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का’ असा विंडोजचा प्रश्न येत असे. मी ‘हो’ म्हटले, की टाकली, ‘नोंदणी यशस्वी’ असा संदेश आला. मुख्य प्रोग्राम उघडला. पुन्हा तीच चौकट: मशीन आयडी जुळत नाही.

‘मॅडम, एकदा पूर्ण अनइन्स्टॉल करा आणि नव्याने टाका,’ मदत केंद्रातून सांगितले गेले. मी तसे केले. अनइन्स्टॉल झाल्याबरोबर सॉफ्टवेअरचे फॉन्टही गेले आणि अहवालाची फाइल उघडून पाहिली तर पहिल्या पानावरील संस्थेच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि चौकोनी कंस यांची एक निरर्थक ओळ उभी होती. १८ वर्षांचे काम डिस्कवर सुखरूप आहे आणि तरीही ते वाचता येत नाही, हे डोळ्यांनी पाहणे फार वाईट असते. सेटअप पुन्हा चालवला, संगणक बंद करून सुरू केला, नोंदणी केली, ‘यशस्वी’ आले, मुख्य प्रोग्राम उघडला आणि चौकट पुन्हा हजर. त्या संध्याकाळी मी हे तीनदा केले.

तिसऱ्या वेळी मात्र मी घाई केली नाही. नव्याने इन्स्टॉल झाल्यावर की न टाकताच मुख्य प्रोग्राम उघडला आणि समोरची चौकट नीट वाचली. तिच्यात ‘नोंदणीधारक’ या ओळीसमोर आमच्या दुकानाचे नाव होते. तेही कसे, तर ‘ग्राफिक्स’ या शब्दात इंग्रजी ‘पी’ दोनदा पडलेला. ही चूक २०१३ साली पहिली नोंदणी करताना माझ्याच हातून झाली होती आणि त्या वेळच्या बिलावरही ती तशीच छापून आली होती. आता गेल्या तासाभरात मी काहीही टाइप केलेले नव्हते. पूर्ण काढून टाकलेल्या आणि आताच नव्याने बसवलेल्या प्रोग्रामला ११ वर्षांपूर्वीची चूक ठाऊक असेल, तर ती त्याला कुठून तरी वाचायला मिळते आहे; म्हणजे अनइन्स्टॉल करूनही काहीतरी मागे उरले आहे. त्या दुहेरी ‘पी’ने मला पहिला धागा दिला.

अनइन्स्टॉल केल्यावर सगळे जाते, हा समज मुळातच बरोबर नाही. सेटअप चालतो तेव्हा तो कोणत्या फाइल कुठे टाकल्या याची यादी ठेवतो आणि काढताना त्या यादीप्रमाणे काढतो. प्रोग्राम वापरात आल्यावर त्याने स्वतः ज्या फाइल तयार केल्या, म्हणजे आपल्या आवडीनिवडी, नोंदणीची माहिती, आपण भर घातलेले शब्द, त्या या यादीत नसतात आणि म्हणून बहुधा जागच्या जागी राहतात. काही कंपन्या नोंदणीची फाइल जाणूनबुजून ठेवतात. एक तर पुन्हा बसवताना ग्राहकाला की शोधावी लागू नये म्हणून, आणि दुसरे म्हणजे चाचणीची मुदत संपल्यावर कोणी काढून-घालून ती पुन्हा सुरू करू नये म्हणून. दोन्ही कारणे मला रास्त वाटतात. अडचण येते ती डिस्क बदलल्यावर, कारण तेव्हा ही मागे राहिलेली फाइल खोटी ठरलेली असते.

३१ ऑगस्टचा शनिवार मी या शोधात घालवला. आधी सॉफ्टवेअर पुन्हा अनइन्स्टॉल केले आणि मग उरलेल्या फाइल ज्या जागी असू शकतात, त्या एकेक पाहत गेले. ३२ बिटचे प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजमध्ये ज्या ‘प्रोग्राम फाइल्स एक्स-८६’ फोल्डरमध्ये बसतात, तिथे कंपनीच्या नावाचे फोल्डर उरले होते आणि त्यात नव्या नोंदणीची फाइल होती; नाव बरोबर, तारीख आदल्या दिवशीची. मग ‘प्रोग्रामडेटा’ हे लपवलेले फोल्डर उघडले. ते दिसण्यासाठी फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करावी लागते. त्यानंतर ‘ॲपडेटा’मधील ‘रोमिंग’ पाहिले. या दोन्ही ठिकाणी कंपनीच्या नावाची फोल्डर होती, पण त्यांत चौकटींची मापे आणि अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी यापलीकडे काही नव्हते. यातले काहीही मी पुसले नाही. फोल्डरच्या नावापुढे ‘जुने’ असे लिहून नाव बदलायचे, म्हणजे प्रोग्रामला ते सापडत नाही आणि गरज पडली तर मूळ नाव देऊन परत आणता येते, ही पद्धत मी पहिल्यापासून पाळते.

त्यानंतर रजिस्ट्री. विंडोज आणि तिच्यावरचे प्रोग्राम आपापल्या नोंदी जिथे ठेवतात, ती ही मोठी वही ‘रेगएडिट’ने उघडते. तिथे केलेला बदल लगेच लागू होतो आणि ‘अनडू’ ही सोय तिथे नाही, म्हणून ज्या शाखेला हात लावायचा ती आधी ‘एक्सपोर्ट’ करून पेन ड्राइव्हवर ठेवली. ‘लोकल मशीन’ या भागातील ‘सॉफ्टवेअर’ शाखेत ३२ बिटच्या प्रोग्रामसाठी ‘वॉव-६४३२-नोड’ नावाची वेगळी उपशाखा असते. कंपनीच्या नावाची नोंद तिथे मिळाली, तिचेही नाव बदलले. सेटअप पुन्हा चालवला. प्रोग्राम उघडला. दुहेरी ‘पी’ जागच्या जागी.

दुरुस्तीवाल्याला फोन केला तेव्हा त्याने एक मोफत रजिस्ट्री क्लीनर चालवून बघा, असे सुचवले. मी स्पष्ट नकार दिला. काही वर्षांपूर्वी अशाच एका क्लीनरने दुकानातील दुसऱ्या संगणकावरच्या शेकडो नोंदी ‘निरुपयोगी’ म्हणून पुसल्या होत्या आणि त्यानंतर प्रिंटरचा प्रोग्राम चालू करण्यात दोन दिवस गेले होते. कोणती नोंद कोणाच्या उपयोगाची आहे, हे बाहेरच्या प्रोग्रामला नावावरून कळत नाही. असे क्लीनर वापरण्याला आपला पाठिंबा नाही, अशी खुद्द मायक्रोसॉफ्टचीही भूमिका आहे. काय शोधायचे तेच माहीत नसताना सगळे घर झाडून काढण्यात काही अर्थ नाही; आधी ती जुनी फाइल प्रोग्राम नेमकी कुठून वाचतो, हे कळायला हवे होते.

शनिवारी रात्री उशिरा आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुख्य प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक करून तो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने, म्हणजे संगणकावरचे पूर्ण हक्क देऊन, उघडला तर नाव बरोबर, नोंदणी पूर्ण, सगळे व्यवस्थित. तो बंद करून नेहमीसारखा डबल क्लिकने उघडला तर जुने नाव आणि मशीन आयडीची तक्रार. एकाच संगणकावर, एकाच फोल्डरमधील एकच प्रोग्राम, आणि उघडण्याच्या पद्धतीप्रमाणे दोन वेगळी उत्तरे. कायम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवावे, म्हणजे काम भागेल, असे क्षणभर वाटले. परंतु तसे चालवल्यावर त्या सॉफ्टवेअरचा कीबोर्ड आणि साध्या हक्काने चालणारा पेजमेकर यांचे जुळेना, पेजमेकरमध्ये मराठी उमटेना. त्यामुळे तो मार्ग बंद झाला.

रविवारी भाचा आला. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि असे काही समोर आले की जेवणाचेही भान विसरतो. ‘मावशी, अंदाज कशाला बांधायचे? प्रोग्राम काय वाचतो ते प्रत्यक्षच बघू,’ असे म्हणून त्याने मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील प्रोसेस मॉनिटर उतरवून घेतला. संगणकावर चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम कोणती फाइल उघडतो, कोणती रजिस्ट्री नोंद वाचतो आणि त्याला काय उत्तर मिळते, याची ओळीमागून ओळ हे साधन दाखवते. सुरू केल्यावर पाऊण मिनिटात लाखांच्या घरात ओळी साचल्या. मग त्याने गाळणी लावली: फक्त आमच्या प्रोग्रामच्या नावाच्या ओळी, आणि त्यांतही फक्त नोंदणीच्या फाइलचे नाव असलेल्या. पडद्यावर ११ ओळी उरल्या.

त्यांतली पहिली ओळ ‘प्रोग्राम फाइल्स एक्स-८६’मधील नोंदणीची फाइल उघडण्याची होती आणि तिच्या निकालाच्या रकान्यात ‘सक्सेस’ नव्हते, ‘रिपार्स’ असे लिहिले होते. लगेच खालच्या ओळीत तीच फाइल उघडल्याची नोंद होती, पण तिचा पत्ता निराळाच होता: माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये, ‘ॲपडेटा’मधल्या ‘लोकल’मध्ये, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या ठिकाणी. प्रोग्राम एका दारावर थाप मारत होता आणि विंडोज त्याला हाताला धरून दुसऱ्याच खोलीत नेत होती.

‘व्हर्च्युअलस्टोअर’ हे नाव मी तोपर्यंत कधी ऐकलेले नव्हते. ही सोय २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून आहे. त्याआधी बहुतेक लोक संगणक पूर्ण हक्काने वापरत असत आणि अनेक प्रोग्राम आपल्या फाइल सरळ ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहीत असत. व्हिस्टाने सुरक्षेसाठी तिथे लिहिण्याचा हक्क साध्या वापरातून काढून घेतला. तसे केल्यावर हजारो जुने प्रोग्राम बंद पडले असते, म्हणून विंडोजने एक मध्यममार्ग काढला: ३२ बिटचा जुना प्रोग्राम तिथे लिहू लागला की विंडोज ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये ठेवते आणि प्रोग्रामला आपण मूळ जागीच लिहिले असे वाटत राहते. वाचतानाही आधी ‘व्हर्च्युअलस्टोअर’ पाहिले जाते. तिथे फाइल सापडली तर तीच दिली जाते आणि मूळ जागेवरची फाइल त्या प्रोग्रामला दिसतच नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला मात्र ही सोय लागू नाही. तो थेट मूळ जागी लिहितो आणि तिथूनच वाचतो. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ हा रकाना सुरू केल्यावर आमच्या प्रोग्रामसमोर ‘एनेबल्ड’ असे दिसले आणि उरलासुरला संशयही फिटला.

आता सगळे जुळले. २०१३ मध्ये मी नोंदणी केली ती साध्या हक्काने, मुख्य प्रोग्राममधून. ती फाइल ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये गेली आणि विंडोज ७ वरून १० वर येतानाही तिथेच राहिली. या वेळची नोंदणी वेगळ्या छोट्या प्रोग्रामने, विंडोजची परवानगी घेऊन, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने झाली. ती मूळ फोल्डरमध्ये गेली आणि तिने दिलेला ‘यशस्वी’ हा संदेश खराच होता. मुख्य प्रोग्राम मात्र रोज साध्या हक्काने उघडत होता आणि त्याला ११ वर्षांपूर्वीची फाइल दिली जात होती. अनइन्स्टॉलही ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने चालत असल्यामुळे तो त्या दुसऱ्या जागेकडे कधी फिरकलाच नव्हता. कंपनीची, दुरुस्तीवाल्याची किंवा माझी, यात कोणाचीच चूक म्हणावी अशी नव्हती.

‘रन’च्या चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘लोकलॲपडेटा’ टाइप करून एंटर दाबले आणि ‘व्हर्च्युअलस्टोअर’ उघडले. आत ‘प्रोग्राम फाइल्स एक्स-८६’ नावाचे फोल्डर, त्यात कंपनीचे फोल्डर आणि त्यात तीन फाइल होत्या. नोंदणीची फाइल जेमतेम १ केबीची होती. ती नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्या ओळीत दोन ‘पी’ असलेले आमचे नाव, दुसऱ्या ओळीत गेलेल्या डिस्कवरून बनलेला मशीन आयडी आणि खाली कीची अक्षरे. फाइलच्या गुणधर्मांत तारीख २०१३ ची होती. प्रोग्राम बंद करून ते सगळे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतले, जागेवर त्याचे नाव बदलून ‘जुने’ जोडले आणि डबल क्लिक केला. चौकट आली नाही. कोऱ्या पानावर ‘श्री’ टाइप केले, ते उमटले.

रात्री साडेनऊला अहवालाचे काम सुरू केले आणि अर्ध्या तासात एक निराळीच उणीव जाणवली. प्रोग्रामचा शुद्धलेखन तपासनीस ‘भागभांडवल’खाली लाल रेघ ओढत होता. ‘थकबाकीदार’, ‘नामनिर्देशन’, ‘अंशदान’, गावांची नावे, आडनावे, सगळ्यांखाली लाल रेघा. मी ११ वर्षे एकेक करून भर घातलेला वैयक्तिक शब्दसंग्रह नाहीसा झाला होता. नाव बदललेले फोल्डर पुन्हा उघडले. त्यातल्या तीन फाइलींपैकी दुसरी तीच होती. २०१३ पासून मी ‘शब्दसंग्रहात घाला’ म्हटले त्या प्रत्येक वेळी शब्द इथेच येऊन पडत होता. चार हजारांहून अधिक ओळी होत्या. रागाच्या भरात ते फोल्डर पुसून रिसायकल बिनही रिकामा केला असता, तर नोंदणी सुटली असती आणि हा संग्रह कायमचा गेला असता. ती यादी मी त्या रात्री पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिच्यात कधी काळी लावलेल्या स्मरणिका होत्या, बंद पडलेल्या दिवाळी अंकातील लेखकांची नावे होती, आणि पतसंस्थेचे जे संस्थापक अध्यक्ष आता नाहीत त्यांचे आडनावही होते.

शब्दसंग्रह जागेवर परत ठेवणे सोपे होते, पण मूळ अडचण त्याने सुटत नव्हती. प्रोग्राम जोवर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये आहे तोवर नवा शब्द घातला की विंडोज पुन्हा ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये दुसरी प्रत उभी करणार. त्या फोल्डरला सर्व वापरकर्त्यांसाठी लिहिण्याचा हक्क देऊन टाकावा, असे भाच्याने सुचवले. तसे करता येते, पण विंडोजने जे दार सुरक्षेसाठी बंद केले आहे ते उघडे ठेवणे मला पटले नाही. त्याऐवजी सॉफ्टवेअर पुन्हा एकदा काढले आणि सेटअपने जागा विचारल्यावर डी ड्राइव्हवरचे वेगळे फोल्डर दिले. तिथे साध्या हक्काने लिहिता येते आणि ‘व्हर्च्युअलस्टोअर’चा संबंध येत नाही. मशीन आयडी तोच असल्यामुळे तीच की चालली. शब्दसंग्रहाची फाइल नव्या फोल्डरमध्ये ठेवली, एक नवा शब्द घातला आणि त्याच फाइलची वेळ बदलली याची खात्री करून घेतली. रजिस्ट्रीतही ‘करंट यूजर’ भागातील ‘क्लासेस’खाली ‘व्हर्च्युअलस्टोअर’ची अशीच एक शाखा असते, आदल्या दिवशी मी फक्त ‘लोकल मशीन’ तपासल्यामुळे ती माझ्या नजरेतून सुटली होती. तिथली कंपनीची जुनी नोंद एक्सपोर्ट करून मग काढली.

३ सप्टेंबरच्या मध्यरात्री अहवालाचे शेवटचे प्रूफ वाचून झाले आणि ४ तारखेला सकाळी पीडीएफ छापखान्यात गेली. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी ‘ताई, यंदा उशीर होतो की काय अशी भीती होती’ एवढेच म्हटले. मधल्या आठवड्यात काय झाले ते मी त्यांना सांगितले नाही. मदत केंद्रातील त्या मुलीला मात्र प्रोसेस मॉनिटरच्या त्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट आणि केलेल्या गोष्टींचा क्रम असे सविस्तर ईमेलने पाठवले. अशीच तक्रार घेऊन सोलापूरचे एक मुद्रक महिनाभर थांबले आहेत, असे तिने कळवले, आणि चार दिवसांनी त्यांचेही काम सुरू झाल्याचा निरोप आला.

गणपतीनंतर मी जुन्या फाइल युनिकोडमध्ये नेण्याचे काम हाती घेतले. या वेळी एका डिस्कमुळे सगळे अडले; उद्या कंपनीने की देणेच थांबवले तर ती पाने पुन्हा चिन्हांची रांग होतील. रूपांतराची साधने आहेत, पण ती जशीच्या तशी विश्वासाची नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लिहिली जाते, रफार नेमका याच्या उलट; त्यामुळे ‘निर्णय’सारख्या शब्दात दोन्ही जागा बदलतात आणि रूपांतर चुकले की हमखास तिथेच चुकते. म्हणून प्रत्येक पान छापील अहवालाशी ताडून वाचावे लागते. रोज दुकान बंद करण्यापूर्वी चार पाने होतात. २००६ आणि २००७ चे अहवाल पूर्ण झाले आहेत, २००८ च्या ताळेबंदाचे पान काल संपले.